सात काड्यापेट्या, तीन याद्या आणि एक खोडी



दहावीच्या बीजगणिताचं पहिलंच प्रकरण आठवा. दोन चलांतील रेषीय समीकरणे. ते शिकवताना आपण सगळेच एक वाक्य हमखास बोलतो, 'जितकी चलं, तितकी समीकरणं हवीत.' दोन अज्ञात संख्या असतील तर एका समीकरणावर भागत नाही, दुसरं लागतंच. मीही हे वाक्य वर्षानुवर्षं बोलत आले आहे. वाक्य खोटं नाही. पण ते अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं आपण मुलांना सांगतच नाही, अशी आता माझी खात्री झाली आहे.

उरलेलं अर्धं असं आहे. उत्तराबद्दल आपल्याला आधीच काहीतरी ठाऊक असेल, तर कमी समीकरणांतही उत्तर मिळू शकतं. मात्र ते आधीच ठाऊक असलेलं चुकीचं निघालं, तर उत्तर चुकतं आणि चुकलंय हे आपल्याला कळतही नाही.

या दोन वाक्यांवर आज मोठमोठी यंत्रं चालतात. त्यातलंच एक आज तुमच्यापुढे ठेवते. हा एक कॅमेरा आहे. त्याला भिंग नाही, हलणारा एकही भाग नाही, आणि दिसायला तो सर्किट बोर्डाच्या पट्टीसारखा आहे. विषयाचं नाव भारदस्त आहे, मेटामटेरियल अँटेना वापरून केलेलं कॉम्प्रेसिव्ह इमेजिंग. नावाला घाबरू नका. त्यामागची कल्पना आठवीच्या मुलांना कळते. मी वर्गात करून पाहिली आहे, स्वतःच्या फजितीसकट.

आधी काड्यापेट्या

साहित्य अगदी साधं. सात रिकाम्या काड्यापेट्या, त्यांवर १ ते ७ आकडे, आणि रुपयाची काही नाणी. मी वर्गाकडे पाठ करून उभी राहिले. मुलांनी एखाद्या पेटीत नाणं ठेवायचं, किंवा कुठेच ठेवायचं नाही. मी न बघता ओळखणार.

एकेक पेटी विचारत गेले तर सात प्रश्न लागू शकतात. मी मात्र फळ्यावर आधीच तीन याद्या लिहून ठेवल्या होत्या.

यादी अ : पेटी १, ३, ५, ७ (किंमत १)
यादी ब : पेटी २, ३, ६, ७ (किंमत २)
यादी क : पेटी ४, ५, ६, ७ (किंमत ४)

प्रत्येक यादीला एकच प्रश्न, 'या चार पेट्यांत मिळून नाणी किती?' ज्या यादीचं उत्तर 'एक' येईल तिची किंमत धरायची आणि बेरीज करायची. बेरीज म्हणजेच पेटीचा क्रमांक. समजा अ ला एक, ब ला शून्य आणि क ला एक आलं. १ + ४ = ५. नाणं पाचव्या पेटीत. तिन्ही उत्तरं शून्य आली तर नाणं कुठेच नाही. तुम्ही स्वतः दोन-तीन वेळा करून बघा, मगच पुढे वाचा.

यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक, मी कुठलीही पेटी एकटी विचारली नाही, दर वेळी चार पेट्या मिसळून विचारल्या. दोन, पहिल्या उत्तरावरून मी दुसरा प्रश्न बदलला नाही. याद्या आधीच ठरलेल्या होत्या. सारी करामत त्या याद्यांच्या मांडणीत आहे.

पहिल्या तीन फेऱ्या छान झाल्या. मुलं खूश, मीही खूश. चौथ्या फेरीत उत्तरं आली, अ एक, ब एक, क शून्य. मी मोठ्या ऐटीत वळले आणि म्हणाले, "तीन नंबरची पेटी!" उघडली तर रिकामी.

वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने पेटी १ आणि पेटी २ अशा दोन ठिकाणी नाणी ठेवली होती. मी डोळे मोठे केले तर तो शांतपणे म्हणाला, "बाई, एकच ठेवायचं असं तुम्ही कुठे म्हणालात?"

खरंच म्हणाले नव्हते. 'नाणं ठेवा' एवढंच म्हणाले होते. एकच नाणं ही अट माझ्या डोक्यात होती, फळ्यावर नव्हती. आणि माझ्या तीन आकड्यांना पेटी ३ मधलं एक नाणं आणि पेटी १ व २ मधली दोन नाणी यांतला फरक कळूच शकत नव्हता. उत्तर अडखळत आलं असतं तर मी सावध झाले असते. ते अगदी स्वच्छ आलं, आणि चूक आलं.

मग एका मुलीने सुचवलं, "बाई, चौथी यादी करू या ना, सगळ्याच पेट्यांची." केली. त्या यादीचं उत्तर 'दोन' आलं आणि खोडी लगेच पकडली गेली. आता १ आणि २ ही जोडीही शोधता आली. पण हीच चार उत्तरं प्रत्येक जोडी वेगळी सांगतील असं नाही. १ आणि ६, २ आणि ५, किंवा ३ आणि ४ या पेट्यांत नाणी ठेवून बघा. चारही याद्यांची उत्तरं तिन्ही वेळा तीच येतात. म्हणजे दोन नाणी शोधायची तर याद्या आणखी हव्यात. नाणी जितकी विरळ, तितक्या कमी याद्यांत काम होतं. नाण्यांची दाटी झाली की याद्या वाढवाव्या लागतात.

हाच मुद्दा समीकरणांत असा दिसतो. क्ष + २य = ७. एकच समीकरण, चलं दोन, उकली अनंत. पण दोन्ही पूर्ण संख्या आहेत आणि त्यांतली एक शून्य आहे, असं मी सांगितलं तर? मग उत्तर एकच उरतं, क्ष = ७, य = ०. कारण क्ष शून्य धरला तर य साडेतीन येतो. उजवीकडे ७ ऐवजी ८ असते तर मात्र पुन्हा दोन उत्तरं आली असती आणि आपण अडलो असतो. म्हणजे माहिती नुसती असून चालत नाही, ती पुरेशी आहे का हेही तपासावं लागतं.

मोजून मग फेकून द्यायचं कशाला?

आता तुमच्या खिशातला मोबाइल घ्या. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, प्रत्येकी एक बाइट. गुणाकार मुलांना करू द्या, ३ कोटी ६० लाख बाइट, म्हणजे ३६ एमबी. पण साठवलेली फाइल बघितली तर बऱ्याचदा तीन-चार एमबीचीच असते. बाकीचं गेलं कुठे?

ते फोनने टाकून दिलं. आकाशाचा एक ठिपका निळा असेल तर शेजारचाही बहुधा तसाच असतो. दर वेळी नव्याने लिहायची गरज नसते. फोटोत खरी नवी माहिती फार थोडी असते, असा त्याचा अर्थ.

२००४ ते २००६ या काळात एमॅन्युएल कँडेस, जस्टिन रॉमबर्ग, टेरेन्स ताओ आणि डेव्हिड डोनोहो या गणितज्ञांनी एक पोरासारखा सरळ प्रश्न विचारला. शेवटी बहुतेक टाकूनच द्यायचं आहे, तर आधी एवढं सगळं मोजायचं कशाला? जेवढं हवं तेवढंच मोजता येणार नाही का? त्यांनी गणिताने दाखवून दिलं की दृश्य विरळ असेल, म्हणजे थोडक्या आकड्यांत मांडता येण्यासारखं असेल, आणि मोजमापं नीट मिसळलेली असतील, तर खूपच कमी मोजमापांतून पूर्ण चित्र परत उभं करता येतं. या शाखेला कॉम्प्रेस्ड सेन्सिंग म्हणतात. आपण मराठीत 'मोजतानाच आटोपशीर मोजणं' म्हणू या.

लगेच पुढे अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात एकाच पिक्सेलचा कॅमेरा बनला. त्यात अगदी छोट्या आरशांची एक जाळी असते. काही आरसे प्रकाश संवेदकाकडे वळवायचे, काही दुसरीकडे, आणि एकूण उजेड किती आला तो एक आकडा लिहायचा. मग आरशांची मांडणी बदलायची आणि पुन्हा एक आकडा. प्रत्येक मांडणी म्हणजे आपली एकेक यादी.

तुम्ही म्हणाल, साध्या फोटोसाठी एवढा खटाटोप का? बरोबर आहे. साध्या प्रकाशासाठी लाखो संवेदकांची चिप स्वस्तात मिळते. पण जिथे प्रत्येक संवेदक महाग आहे, तिथे हा हिशेब बदलतो. सूक्ष्मतरंगांचं, म्हणजे मायक्रोवेव्हचं क्षेत्र तसंच आहे.

भिंग नसलेला कॅमेरा

सूक्ष्मतरंग कपड्यांतून, पुठ्ठ्यातून, धुक्यातून, धुळीतून पार जातात. क्ष-किरणांसारखे ते अणूंचे इलेक्ट्रॉन उडवून लावत नाहीत. म्हणून विमानतळावर अंगावर लपवलेली वस्तू शोधायला किंवा धुक्यात समोरचं वाहन हेरायला ते सोयीचे. अडचण अशी की स्पष्ट चित्र हवं तर तरंगलांबीच्या मानाने अँटेना बराच रुंद लागतो.

नववीची मुलंही हा हिशेब करतील. २० गिगाहर्ट्झ वारंवारतेची तरंगलांबी किती? प्रकाशाचा वेग भागिले वारंवारता, म्हणजे दीड सेंटिमीटर. नेहमीच्या पद्धतीत साधारण अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे पाऊण सेंटिमीटरवर, एकेक छोटा अँटेना बसवतात. एक मीटर लांबीत सुमारे १३३ अँटेना झाले. एक मीटर लांब-रुंद चौरस भरायचा तर साडेसतरा हजारांच्या वर, आणि प्रत्येकामागे त्याचं वेगळं इलेक्ट्रॉनिक मंडल. दुसरा उपाय म्हणजे थोडेच अँटेना घेऊन ते फिरवायचे. विमानतळावर प्रवासी हात वर करून उभा राहतो आणि काचेच्या खोलीत एक खांब त्याच्याभोवती फिरतो, ते हेच. पहिला उपाय महाग, दुसरा वेळखाऊ.

इथे मेटामटेरियल कामाला येतात. शाळेत आपण शिकवतो की पदार्थाचे गुण तो कशाचा बनला आहे त्यावर ठरतात. काचेचा अपवर्तनांक वेगळा, पाण्याचा वेगळा. मेटामटेरियलमध्ये गुण ठरतात ते मुख्यतः आकारावर आणि मांडणीवर. साध्या तांब्याचेच तरंगलांबीपेक्षा लहान नमुने ओळीने कोरले, की लहरीला ते सुटे सुटे दिसत नाहीत, सलग पदार्थ भासतात. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हच्या दाराची जाळी बघा. भोकांतून आतलं पातेलं दिसतं, पण आतली सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची लहर बाहेर येत नाही. तिच्या लेखी ती जाळी म्हणजे अख्खा पत्राच.

या कल्पनेचं एक जुनं मूळ आपल्या देशात आहे. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस अगदी लहान तरंगलांबीच्या विद्युतलहरींवर प्रयोग करत होते. १८९८ साली त्यांनी पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांमधून या लहरी पाठवल्या आणि लहरींच्या ध्रुवणाचं प्रतल फिरतं हे दाखवलं. ताग तोच, फक्त त्याला पीळ दिला. गुण आला तो मांडणीतून. पुढे शंभरेक वर्षांनी, २००० साली, डेव्हिड स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांब्याची कडी आणि तारा मांडून निसर्गात न आढळणारे विद्युतचुंबकीय गुण असलेला पदार्थ प्रयोगशाळेत तयार केला. २००६ मध्ये ड्यूक विद्यापीठात त्यांच्याच गटाने सूक्ष्मतरंगांपासून वस्तू झाकणारं 'अदृश्य' कवच दाखवलं.

त्याच ड्यूक विद्यापीठातल्या गटाचा एक शोधनिबंध जानेवारी २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. जॉन हंट हे त्याचे पहिले लेखक. आपला भिंग नसलेला कॅमेरा तो हाच.

तो कसा चालतो? सतार किंवा सारंगी जवळून बघितली असेल तर लगेच कळेल. मुख्य तारांखाली तरफेच्या तारा असतात. त्यांना कोणी छेडत नाही. वर जो स्वर वाजतो, त्या स्वराला लावलेली तरफ आपोआप झंकारते, बाकीच्या गप्प राहतात. हे अनुस्पंदन आपण ध्वनीच्या धड्यात शिकवतोच.

आता सर्किट बोर्डाची एक पट्टी डोळ्यांपुढे आणा. तिच्यातून सूक्ष्मतरंग वाहतात आणि वरच्या तांब्यात ओळीने छोटे नमुने कोरलेले आहेत. प्रत्येक नमुना म्हणजे एक तरफ. प्रत्येकाचं माप किंचित वेगळं, म्हणून प्रत्येकाचा 'स्वर' वेगळा. एका वारंवारतेची लहर सोडली की काही नमुने जागे होतात आणि लहर बाहेर फेकतात, बाकीचे गप्प. त्यामुळे समोरच्या खोलीत लहरींची एक विशिष्ट नक्षी पडते, कुठे जास्त, कुठे कमी. वारंवारता थोडी बदलली की दुसरेच नमुने जागे होतात आणि नक्षी बदलते. समोरच्या वस्तूंवरून परतलेली लहर दर वेळी एकाच ठिकाणी मोजली जाते. एका वारंवारतेमागे एक मोजमाप.

काड्यापेट्या आठवल्या ना? प्रत्येक वारंवारता म्हणजे एक यादी. खोलीतली प्रत्येक जागा म्हणजे एक पेटी. वस्तू म्हणजे नाणं. याद्या कोणी फळ्यावर लिहिलेल्या नाहीत, त्या तांब्यात कोरलेल्या आहेत. फरक इतकाच की आपण नाणी मोजली, इथे लहर किती जोराची आणि कुठल्या कलेत परतली ते मोजतात. मग संगणक विचारतो, 'या सगळ्या मोजमापांशी जुळणारं सगळ्यात विरळ चित्र कोणतं?' तेच उत्तर म्हणून पुढे ठेवतो.

ड्यूकच्या यंत्राने १८ ते २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम केलं. सेकंदाला १० चित्रं घेतली, म्हणजे हलणाऱ्या वस्तूही टिपल्या. एरवी जितकी मोजमापं लागली असती त्यांच्या चाळिसाव्या हिश्श्यात काम झालं. नमुने सर्किट बोर्डावर नेहमीच्याच पद्धतीने कोरता येतात, त्यामुळे हजारो वेगळी मंडलं लागत नाहीत आणि काही फिरवावंही लागत नाही. मेटामटेरियल अँटेनांचं तंत्र पुढे उपग्रह-संपर्काच्या चपट्या अँटेनांत आणि छोट्या रडारमध्येही आलं.

विरळ असेल तरच

आता ती खोडी पुन्हा आठवा, कारण माझा खरा मुद्दा तिथेच आहे.

त्या शोधनिबंधात शास्त्रज्ञांनी स्पष्ट लिहिलं आहे की त्यांची दृश्यं विरळ होती. मोकळ्या जागेत मोजक्या वस्तू. त्यांनी आपली अट लपवली नाही. तेवढीच मोजमापं घेऊन तेच यंत्र एखाद्या गच्च भरलेल्या भाजी मंडईकडे वळवलं तर काय होईल? संगणक चित्र देईलच. विरळ चित्र शोधायला सांगितलं आहे, तर तो विरळच देईल. माझ्यासारखा तोही ऐटीत 'पेटी तीन' म्हणेल.

करोनाच्या काळात आपण हे प्रत्यक्ष पाहिलं आहे. २०२० मध्ये चाचण्यांची किट अपुरी पडू लागली, तेव्हा अनेकांचे नमुने एकत्र करून एकच चाचणी करायची पद्धत आली. आयसीएमआरने पाच नमुन्यांपर्यंत एकत्र करायला मुभा दिली, पण जिथे बाधितांचं प्रमाण कमी आहे अशाच भागांत. का? जिथे बाधित विरळ, तिथे बहुतेक गट निगेटिव्ह येतात आणि चाचण्या वाचतात. जिथे दाटी, तिथे जवळजवळ प्रत्येक गट पॉझिटिव्ह येतो आणि सगळ्यांना पुन्हा तपासावं लागतं. आयआयटी मुंबईतल्या संशोधकांनी तर कॉम्प्रेस्ड सेन्सिंगचंच गणित वापरून 'टॅपेस्ट्री' नावाची पद्धत मांडली. तिच्यात एकेक नमुना अनेक गटांत घालतात आणि गटांच्या निकालांवरून बाधित कोण ते एकाच फेरीत ओळखतात. तीही आपल्या याद्यांचीच बहीण.

पालकांसाठी आणखी एक उदाहरण. लहान मुलाचा एमआरआय करायचा तर त्याला बराच वेळ न हलता झोपवणं किती कठीण, हे ज्यांच्यावर वेळ आली त्यांना माहीत आहे. कमी मोजमापांतून चित्र उभं करण्याच्या या तंत्राने तो वेळ कमी करता येतो. अमेरिकेत २०१७ मध्ये अशा एमआरआय पद्धतींना मंजुरी मिळाली. तिथेही डॉक्टर आणि अभियंते हाच प्रश्न धरून बसतात. चित्र स्वच्छ दिसतंय, पण आपण धरून चाललेली गोष्ट या रुग्णाला लागू आहे ना?

मग वर्गात काय करायचं?

माझं म्हणणं तीन वाक्यांत सांगते.

पहिलं, मुलांना उत्तरं काढायला शिकवतो तसं मोजमाप आखायलाही शिकवू या. आपल्या प्रश्नपत्रिकेत प्रश्न नेहमी आपला असतो आणि मुलाचं काम फक्त उत्तर. 'सात पेट्या आहेत, कमीत कमी याद्या तुम्हीच करा' असा प्रश्न आपण किती वेळा देतो? मी तो दिला तेव्हा एका गटाने तीन-तीन पेट्यांच्या याद्या केल्या, एका गटाने सात पेट्यांना सात याद्या केल्या. दोन्ही गट चुका शोधत बसले आणि तो तास सगळ्यात शांत गेला. पंधरा पेट्यांना किती याद्या लागतील, हे त्यांनीच काढलं. चार.

दुसरं, प्रत्येक रीतीबरोबर तिची अट मोठ्याने सांगू या. 'एकच नाणं आहे' हे फळ्यावर लिहा. पायथागोरसचं प्रमेय सांगताना 'काटकोन असेल तर' हे जितक्या जोरात म्हणतो, तितक्याच जोरात. आज मुलांच्या हातातला फोन अंधारातला फोटो उजळतो, पुसट अक्षर ठळक करतो. तो जे भरतो, त्यातलं काही मोजलेलं असतं आणि काही धरून चाललेलं असतं. चित्र स्वच्छ आहे म्हणून ते खरं आहे असं नाही, एवढी शंका घेण्याची सवय त्यांना लागायला हवी, आणि ती कुठल्याही संगणकाच्या विषयाआधी आपल्याच गणिताच्या तासाला लागू शकते.

तिसरं, एक जास्तीची यादी नेहमी हातात ठेवू या. ती 'सगळ्या पेट्यांची' चौथी यादी उत्तर शोधायला लागत नव्हती. ती माझी अट तपासायला लागत होती. मुलांनी गणित सोडवल्यावर पडताळा घ्यायचा तो याचसाठी. आपण मात्र पडताळ्याला दोन ओळींची औपचारिकता करून टाकलं आहे.

यावर मला शिक्षक-खोलीत मिळालेली उत्तरं तुम्हालाही सुचली असतील. 'अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कुठे बसवू?' आणि 'परीक्षेला येतं का?' पहिल्याचं उत्तर, याला एकच तास लागतो, आणि रेषीय समीकरणं, अनुस्पंदन, अपवर्तन आणि तरंगलांबीचं सूत्र या चारही ठिकाणी तो तास पुन्हा उपयोगी पडतो. दुसऱ्याचं उत्तर, नाही येत. पण 'जितकी चलं तितकी समीकरणं' हे अर्धं वाक्य घेऊन जी मुलं पुढे जातात, त्यांना ते पुढच्या शिक्षणात पुसून काढावं लागतं. निदान 'आणखी काही माहीत नसेल तर' हे पाच शब्द आपण जोडू शकतो. त्याला तासही लागत नाही.

पालकांना एकच विनंती. घरी काड्यापेट्या घेऊन हा खेळ मुलांबरोबर खेळा. मुलाने दोन नाणी ठेवली तर रागावू नका. आधी स्वतःला विचारा, एकच ठेवायचं असं आपण सांगितलं होतं का?

शेवटी जरा अवघड गोष्ट सांगते. ज्या मुलाने ती खोडी काढली, त्याच्याबद्दल माझं मत वर्षाच्या सुरुवातीलाच तयार होतं. पहिल्या तीन चाचण्यांचे तीन आकडे होते आणि त्यांवरून माझं चित्र अगदी स्वच्छ होतं, 'लक्ष नसतं, गणित कच्चं'. तीन आकड्यांवरून मुलाचं चित्र काढायचं तर मीही काहीतरी धरूनच चालले होते ना? ते काय होतं, हे मी कधी लिहून काढलं नव्हतं आणि कधी तपासलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या रीतीतली नेमकी फट शोधणारा वर्गात तोच एक होता. त्याला बीजगणितात मार्क अजूनही बेताचेच पडतात, ते मी लपवत नाही. पण आता चाचणीनंतर मी त्याला जवळ बोलावते आणि एक तोंडी प्रश्न विचारते, "हे कुठे चुकेल, सांग बरं."

ती माझी चौथी यादी आहे. तुमच्या वर्गातही एखाद्या मुलाबद्दल तुमचं चित्र फारच स्वच्छ असेल, तर एकदा करून बघा.